सतरा मार्चची बैठक

आमची मुलगी नोकरीसाठी डब्लिनला गेली तेव्हापासून आमच्या सौ. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर तिकडच्या सुट्ट्या पेन्सिलीने लिहून ठेवतात. त्या दिवशी लेक घरी असते, घड्याळाकडे न बघता बोलते, एवढंच त्यामागचं कारण. संकष्टी, एकादशी, दूधवाल्याचे खाडे आणि त्यांच्याच रांगेत डब्लिनची सुट्टी. २०२४ च्या मार्चचं पान उलटलं तेव्हा १७ तारखेच्या चौकोनात सौ.च्या अक्षरात ‘सेंट पॅट्रिक’ असं लिहिलेलं होतं आणि त्याच्याच खाली माझ्या अक्षरात ‘बैठक, आपल्याकडे’. महिन्याचा तिसरा रविवार.

“तुमची बैठक आणि तिचा तो संत एकाच दिवशी आलेत. आता मी बोलायचं कधी?” सौ. म्हणाल्या.

बैठक म्हणजे काय ते आधी सांगायला हवं. तारापूर म्हटलं की बाहेरच्या माणसाला १९६९ पासून वीज देणारं अणुकेंद्र आठवतं, फार तर बोईसरची एमआयडीसी आठवते. इथे गाणं ऐकणारी माणसं असतील असं सहसा कुणाच्या मनात येत नाही. पण ऐंशीच्या दशकात नोकरीच्या निमित्ताने सांगली-मिरजेपासून इंदूरपर्यंतची माणसं इथे आली आणि येताना आपापल्या कॅसेट घेऊन आली. त्यातल्या आठ-दहा जणांनी दर महिन्याच्या तिसऱ्या रविवारी कुणाच्या तरी घरी जमून दोन तास गाणं ऐकायचं ठरवलं. ना नाव, ना वर्गणी, ना अध्यक्ष. ज्याचं घर त्याचा चहा. मुंबईला मैफलीला जायचं म्हणजे परतीच्या गाडीचं कोडं सोडवण्यातच भैरवी निघून जायची. डहाणूपर्यंत लोकल आली ती २०१३ साली. त्यामुळे बैठक ही हौस होती तशीच सोयही होती. आता आम्ही बहुतेक जण निवृत्त आहोत. काही जण मुलांकडे पुण्या-ठाण्याला गेले, काही कायमचे गेले. त्या मार्चमध्ये आम्ही सात उरलो होतो.

मी स्वतः बोईसरच्या एका रंगाच्या कारखान्यात तीस वर्षं शिफ्ट केमिस्ट होतो. त्यामुळे मुलीने फोनवर सांगितलं, “बाबा, त्या दिवशी इथे सगळे हिरवे कपडे घालतात. आणि अमेरिकेत शिकागोला तर अख्खी नदी हिरवी रंगवतात,” तेव्हा माझा पहिला प्रश्न होता, कुठला रंग वापरतात? शिकागोची ही पद्धत १९६२ पासूनची आहे, काही तासांत रंग ओसरतो, लोक पुलांवरून फोटो काढतात. मला हसू आलं. आमच्याकडे औद्योगिक वसाहतीतले नाले कुठल्याही संताची वाट न बघता रंग बदलत आले आहेत, आणि त्यांचे फोटो काढायला माणसं पुलावर उभी राहतात ती कौतुकाने नव्हे. असो.

या सणाला गाणं काय ऐकायचं, ही कल्पना मुलीचीच. ती म्हणाली, “टोप्या आणि मिरवणुका सगळे बघतात. तुम्ही गाणंवाले आहात ना, मग या देशाचं गाणं ऐका की एक दिवस. इथल्या नाण्यावर राजा नाही, राणी नाही, हार्प आहे.” हे खरं आहे. आयर्लंडने आपलं राष्ट्रचिन्ह म्हणून एक वाद्य निवडलं. ज्या हार्पवरून ते चिन्ह घेतलं ती डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात जपून ठेवलेली आहे.

मी फोन करून ही सूचना बैठकीत फिरवली आणि वाद सुरू झाला. आमच्या बैठकीचा एकच अलिखित नियम होता, रागदारी सोडून काही लावायचं नाही. एकेकाळी नाट्यगीतावरूनसुद्धा अबोले झालेले आहेत. मूळच्या मिरजेच्या एका मित्राने सरळ सांगितलं, “उद्या नाताळात जिंगल बेल लावाल.” वसईचे आमचे एक मित्र चर्चच्या कॉयरमध्ये पन्नास वर्षं गात आहेत, पाश्चात्त्य स्वरलिपी पेपर वाचावा तशी वाचतात, ते बिचारे आमची रागदारी इतकी वर्षं निमूटपणे आणि मन लावून ऐकत आले होते. ते काही बोलले नाहीत. त्यांचं न बोलणं मला जास्त लागलं.

निकाल दिला नानांनी. नाना म्हणजे आमच्यातले सर्वांत वडील, त्या वेळी अठ्ठ्याऐंशी वर्षांचे, खाडीपलीकडे चिंचणीला राहणारे निवृत्त प्राथमिक शिक्षक. तरुणपणी मुंबईला एका पेढीवर कारकून होते, तेव्हा गिरगावात एका गवयाकडे आठ वर्षं शिकले. त्या गवयाचं नाव कुठल्या पुस्तकात नाही. वडील आजारी पडले म्हणून नाना गावी परतले आणि मग गाणं राहिलं ते पहाटे पडवीत, स्वतःपुरतं. ते म्हणाले, “सण दुसऱ्याचा असला तरी सणाला जायचं असतं. आणि गेल्यावर त्याच्या घरचं खायचं असतं.”

तर १७ मार्चला संध्याकाळी पाच वाजता आमच्या तारापूरच्या घरी सात माणसं जमली. हिरवं म्हणून सौ.नी कोथिंबिरीच्या वड्या केल्या होत्या. मिरजेचे मित्र मुद्दाम पांढराशुभ्र झब्बा घालून आले.

संत पॅट्रिक कोण हे मी थोडक्यात सांगितलं. पाचव्या शतकातला माणूस, जन्माने आयरिशही नव्हे. रोमन अमलाखालच्या ब्रिटनमधून मुलगा असताना पळवून आयर्लंडात गुलाम म्हणून नेलेला. सुटला आणि पुढे त्याच लोकांना धर्म सांगायला परत गेला. तीन दळांचं एक पान दाखवून त्याने त्रैक्याची कल्पना समजावली अशी दंतकथा आहे. “म्हणजे बेलच की,” नाना म्हणाले. १७ मार्च ही त्याची पुण्यतिथी मानतात. आयर्लंडात ती सार्वजनिक सुट्टी झाली १९०३ साली. मिरवणुकीची प्रथा मात्र घर सोडून गेलेल्यांनी वाढवली, न्यूयॉर्कची मिरवणूक १७६२ पासूनची आहे. घरापासून लांब गेलं की सण मोठा होतो, हे गणेशोत्सवाचे फोटो पाठवणाऱ्या आमच्या मुलांकडे बघून आम्हालाही कळलेलं आहे. पुण्यातसुद्धा एम्प्रेस गार्डनजवळ या संताच्या नावाचं कॅथेड्रल आहे, १८५० साली आयरिश सैनिकांसाठी बांधलेलं. कंपनीच्या फौजेत आयरिश शिपाई भरपूर होते.

पहिली लावली ती कॅरोलनची रचना, हार्पवर. टर्लो ओ’कॅरोलन, जन्म १६७०, मृत्यू १७३८. अठराव्या वर्षी देवीच्या आजारात डोळे गेले. वडील ज्यांच्याकडे कामाला होते त्या घरच्या मालकीणबाईंनी त्याला हार्प शिकवण्याची सोय केली आणि तीन वर्षांनी हार्प, एक घोडा आणि एक वाटाड्या देऊन रवाना केलं. पुढे जन्मभर हा माणूस घोड्यावरून गावोगावच्या वाड्यांवर जात राहिला, यजमानाच्या नावाने नवी चाल बांधत राहिला. जुने आयरिश सरदार देशोधडीला लागले होते, दरबार मोडले होते, म्हणून वादक फिरस्ते झाले. संस्थानं गेल्यावर आपल्याकडचे गवई मुंबईला चाळीत येऊन राहिले, ते आठवावं.

नानांनी डोळे मिटून ऐकलं आणि विचारलं, “तारा कसल्या?” ही खरी जाणकाराची शंका. जुन्या आयरिश हार्पला तारा धातूच्या असत आणि त्या नखांनी छेडत. धातूची तार एकदा छेडली की लवकर विझत नाही, म्हणून पुढचा स्वर वाजवताना मागचा स्वर बोटाने थांबवावा लागतो. थांबवणं हीच अर्धी विद्या. आणि एक गोष्ट मी मुद्दाम राखून ठेवली होती. ही हार्प जुळवायला सुरुवात करत ती मधल्या दोन शेजारच्या तारांपासून, आणि त्या दोन्ही एकाच स्वरात लावत. त्यांना वादक ‘बहिणी’ म्हणत.

“जोड!” मिरजेचे मित्र एकदम म्हणाले. तंबोऱ्याच्या मधल्या दोन तारा, एकाच षड्जात लावायच्या, त्यांना आपण जोड म्हणतो. त्यांच्या गावात तंबोरे बनतात. लहानपणापासून त्यांनी जोड जुळताना ऐकलेली. त्यानंतर पांढऱ्या झब्ब्याचा विरोध संपला. वड्या पुन्हा फिरल्या.

मग हँडेलचा ‘मसाया’. ही जर्मन माणसाने लंडनमध्ये चोवीस दिवसांत लिहिलेली रचना, पण ती पहिल्यांदा लोकांपुढे आली डब्लिनमध्ये, १३ एप्रिल १७४२ रोजी, फिशॅम्बल स्ट्रीटवरच्या नव्या संगीतगृहात. चिमाजी अप्पांच्या फौजेने आमचा तारापूरचा किल्ला घेतला १७३९ च्या जानेवारीत, त्यात बाजी भिवराव पडले. त्यानंतर तीनच वर्षांनी. गाणारे कोण, तर शहरातल्या दोन कॅथेड्रलांचे गायक, आणि त्यातलं एक सेंट पॅट्रिकचं. तिथले मुख्य होते जोनाथन स्विफ्ट, म्हणजे आपण शाळेत ‘गलिव्हर’ वाचला त्याचे लेखक. म्हातारपणी डोकं ठिकाणावर राहिलं नव्हतं. माझे गायक त्या फिडलवाल्यांच्या टोळक्यात जाणार नाहीत असा हुकूम त्यांनी एकदा काढला होता. शेवटी मनधरणी झाली. गर्दी इतकी अपेक्षित होती की बायकांनी घेरदार झग्याखालचे सांगाडे आणि पुरुषांनी तलवारी घरी ठेवून याव्यात अशी विनंती केली गेली, म्हणजे शंभरेक माणसं जास्त मावतील. सुमारे सातशे आले. उत्पन्न धर्मादाय होतं, आणि त्यातून कर्जापायी तुरुंगात पडलेले १४२ जण सुटले.

आमचे वसईचे मित्र यातला एक भाग अनेक नाताळांना गायलेले आहेत. ध्वनिमुद्रण सुरू झालं आणि ते हळूच बेस आवाजात त्यात मिसळले. इतक्या वर्षांत आमच्या बैठकीत त्यांनी तोंडातून सूर काढल्याचं मला आठवत नाही. थांबल्यावर म्हणाले, “माफ करा हं, सवय आहे.” नाना म्हणाले, “अरे, माफी कसली मागतोस? आधी का नाही गायलास?” याला कुणाकडेच उत्तर नव्हतं. माझ्याकडे तर नव्हतंच.

जॉन फील्डचं नाव आमच्यापैकी कुणीच ऐकलं नव्हतं, मीही महिन्याभरापूर्वीच वाचलेलं. हा डब्लिनचा, जन्म १७८२, नाटकगृहातल्या फिडलवादकाचा मुलगा. लंडनला क्लेमेंटी या पियानोवादक-व्यापाऱ्याकडे उमेदवारीला राहिला. गिऱ्हाइकांना पियानो वाजवून दाखवायचं काम त्याच्याकडे असे. मालकाबरोबर १८०२ साली रशियाला गेला आणि तिथेच राहिला. १८३७ मध्ये मॉस्कोला वारला. त्याने एक नवा प्रकार काढला आणि त्याला नाव दिलं नॉक्टर्न, म्हणजे रात्रीचं गीत. पहिली तीन १८१२ साली छापली गेली. ज्या शोपँच्या नावाशी हा प्रकार आज जोडला जातो तो तेव्हा दोन वर्षांचा होता.

पाश्चात्त्य संगीतात रागाला वेळ असतो तशी कल्पना नाही. पण एका आयरिश माणसाला रात्रीसाठी वेगळा आकार हवासा वाटला, याचं मला नवल वाटत आलं आहे. डावा हात सुट्या स्वरांची सतत लाट चालू ठेवतो, उजवा हात तिच्यावर एक आवाज गावा तसा गातो. पियानो म्हणजे शेवटी हातोडीने ठोकलेली तार, स्वर उमटला की मरायलाच लागतो. पण पायाखालचं पेडल दाबलं की तारांवरचे दाबक सगळे एकदम उचलले जातात आणि मागचे स्वर पुढच्या स्वरांत मिसळत राहतात. फील्डने या पेडलचा उपयोग असा केला की मींड नसताना मींड असल्याचा भास व्हावा. नाना आयुष्यभर पेटी जवळ ठेवून गायले आणि आयुष्यभर पेटीला नावं ठेवत आले. नॉक्टर्न संपल्यावर म्हणाले, “हा वाजवत नाहीये. गातोय. बोटांनी लबाडी करून गातोय.”

चहानंतर मी बंटिंगची गोष्ट सांगितली. खरं तर माझ्या यादीत ती पाच मिनिटांचीच होती.

१७९२ सालचा जुलै महिना. आपल्याकडे महादजी शिंदे नुकतेच पुण्याला येऊन पोचले होते. तिकडे बेलफास्टमधल्या काही मंडळींच्या लक्षात आलं की जुन्या पद्धतीने हार्प वाजवणारे आता बोटांवर मोजण्याइतके उरले आहेत. त्यांनी वर्तमानपत्रात जाहिरात देऊन त्या सगळ्यांना एकत्र बोलावलं. चार दिवसांचा मेळावा, बक्षिसं ठेवली. आयर्लंडभरातून आले दहा वादक. बरेचसे अंध, बरेचसे म्हातारे. आणि एक एकोणीस वर्षांचा चर्चमधला ऑर्गनवादक, एडवर्ड बंटिंग, याला पैसे देऊन एका कामावर बसवलं: हे जे वाजवतील ते लिहून घ्यायचं.

पहिलं बक्षीस मिळालं ते जुनी चाल नव्या ढंगाने सजवून वाजवणाऱ्याला. परीक्षक सगळीकडचे सारखेच. बंटिंगचं लक्ष मात्र दुसऱ्याच माणसाकडे होतं. डेनिस हेम्पसन, वय नव्वदीच्या पुढे, देवीच्या साथीत तिसऱ्या वर्षी आंधळा झालेला, वाकडी लांब नखं वाढवून त्यांनी धातूच्या तारा छेडणारा एकटाच उरलेला. बाकीचे सगळे तोवर बोटांच्या पेरांनी वाजवायला लागले होते. बंटिंग पुढे त्याच्या गावी जाऊन त्याच्या झोपडीत बसला. पण म्हातारा अगदी जुन्या चाली काढायला नाखूश असे. वाजवून उपयोग काय, आता समजणारा कोण राहिला आहे, अगदी वाजवणाऱ्यांतसुद्धा, असा त्याचा सवाल होता. मोठ्या मिनतवारीने त्याने एक जुना तुकडा वाजवला, तोही अर्धा. १८०७ साली तो वारला.

बंटिंगने त्या चालींचे तीन संग्रह काढले, १७९६, १८०९ आणि १८४० साली. ते नसते तर आम्ही सुरुवातीला जे ऐकलं त्यातलं बरंचसं आज नसतं. पण त्याने छापल्या त्या चाली पियानोवर वाजतील अशा करून. हार्पवर नसलेले स्वर त्यात आले, नखांची करामत कागदावर उतरली नाही. म्हणजे वाचवलंही आणि बदललंही, एकाच पेन्सिलीने.

त्या कागदाचा पुढचा प्रवासही सांगण्यासारखा आहे. टॉमस मूर या कवीने त्यातल्या अनेक चाली घेऊन शब्द बांधले. ते पुस्तक युरोपभर गेलं आणि कलकत्त्याला ठाकुरांच्या वाड्यातही पोचलं. रवींद्रनाथांनी आपल्या आठवणींत त्या सचित्र पुस्तकाविषयी लिहिलं आहे, आणि १८८१ च्या ‘वाल्मीकि प्रतिभा’ या त्यांच्या संगीतिकेत आयरिश चाली आहेत. पुढे १९१९ च्या फेब्रुवारीत ते आंध्रातल्या मदनपल्लीच्या थिऑसॉफिकल कॉलेजात राहायला गेले. तिथल्या प्राचार्यांची पत्नी मार्गारेट कझिन्स, आयर्लंडमधल्या रॉसकॉमन परगण्यातली, संगीताची पदवीधर. कॅरोलनला घोडा मिळाला तोही याच परगण्यात. रवींद्रनाथांनी ‘जन गण मन’ गाऊन दाखवलं आणि या बाईंनी त्याची चाल स्वरलिपीत उतरवून घेतली. महाराष्ट्राशी त्यांचा संबंध वेगळा: त्यांच्या पुढाकाराने अखिल भारतीय महिला परिषदेचं पहिलं अधिवेशन १९२७ च्या जानेवारीत पुण्याला भरलं.

मला वाटलं, इथे टाळ्या पडतील. मिरजेचे मित्र म्हणालेही, “म्हणजे आपला भातखंडेच की तो बंटिंग.” वाळकेश्वरला जन्मलेल्या भातखंड्यांनी वकिली सोडून देशभर हिंडून उस्तादांकडून चिजा मिळवल्या आणि ‘क्रमिक पुस्तक मालिके’च्या सहा भागांत छापल्या, हे आमच्या बैठकीत सगळ्यांना पाठ आहे. काही घराण्यांनी तेव्हा नाकं मुरडली होती हेही पाठ आहे.

पण नाना बोलत नव्हते. मग म्हणाले, “त्या पोराला पैसे देऊन कुणी तरी बसवलं होतं. म्हाताऱ्याच्या पुढ्यात. हं.”

एवढंच. पण खोलीतल्या सहाही जणांना कळलं. गेली तीस-पस्तीस वर्षं नाना आमच्याकडे येत होते. आम्ही त्यांच्यासमोर मोठमोठ्यांच्या कॅसेट लावत होतो, मग सीडी, मग पेन ड्राइव्ह. शेवटी अर्धा तास उरला तर, “नाना, तुम्ही काही म्हणा ना,” असं आम्ही म्हणायचो. ते एखादी चीज म्हणायचे. त्यांच्या गुरूंच्या काही बंदिशी आम्ही दुसऱ्या कुणाच्याच तोंडून कधी ऐकल्या नव्हत्या, हे आम्हाला ठाऊक होतं. एकदा गुरुपौर्णिमेला सगळ्या ध्वनिमुद्रित करून ठेवू, असं आम्ही कितीतरी गुरुपौर्णिमा म्हणत आलो होतो. बेलफास्टच्या लोकांना जाहिरात द्यावी लागली. आमच्याकडे माणूस दर महिन्याला रिक्षाने येत होता.

निघताना मी त्यांना सोडायला गेलो. रिक्षात विचारलं, “नाना, लिहून घेऊ का?”

“नाही. बुवांनी लिहायची बंदी केली होती. कागदावर गेलं की गळ्यातून जातं म्हणायचे. वहीत नुसते शब्द लिहायची परवानगी होती, तीही वही वाळवीने खाल्ली.” मग खाडीचा पूल येईपर्यंत गप्प. “पण टेप करू नका असं काही ते म्हणाले नव्हते. तेव्हा टेप होता कुठे आमच्याकडे?”

पाडव्याला, ९ एप्रिलला, सुरुवात केली. चिंचणीच्या त्यांच्या पडवीत, सकाळी, ऊन चढायच्या आत. माझा मोबाइल एका पाटावर पुस्तकाला टेकवून ठेवायचा आणि त्यांच्या सुनेने पंखा बंद करायचा, कारण पंख्याचा आवाज येतो. पंखा बंद, मग नानांना घाम, मग दर दहा मिनिटांनी थांबायचं. ताडगोळे यायचे. पाऊस लागेपर्यंत पाच वेळा बसलो. नऊ बंदिशी पूर्ण झाल्या. आवाज थकलेला, दम अपुरा. पण चीज कुठे उचलायची, कुठे थबकायची हे सगळं जागच्या जागी. दहावी बिहागातली, झपतालात. तिचा अंतरा राहिला होता. पुढच्या वेळी आठवून ठेवतो म्हणाले. जूनमध्ये त्यांना ताप आला, श्रावणात अंथरूण धरलं आणि भाद्रपदात ते गेले.

२०२५ चा १७ मार्च सोमवारी आला. तिसऱ्या रविवारचा आमचा शिरस्ता मोडून आम्ही त्याच दिवशी जमलो, सहा जण. मुलीला तिकडे सुट्टी होती, दुपारची वेळ होती. तिलाही फोनवर बसवलं. फील्डचं एक नॉक्टर्न ऐकलं आणि मग नानांच्या दहा चिजा.

वसईचे मित्र येताना पाच ओळींचे स्वरलिपीचे कागद आणि पेन्सिल घेऊन आले होते. मी त्यांना बुवांची अट सांगितली. ते म्हणाले, “मोबाइल हरवला तर? फाइल उघडली नाही तर?” मिरजेचे मित्र म्हणाले, शब्द दिला होता तो नानांनी, आपण नाही. सौ. म्हणाल्या, त्यांनी पाळला तो आपण मोडायचा का? बराच वेळ हे चाललं. मुलीचं म्हणणं पडलं, बंटिंगने विचारलं नसतं. ते खरं, पण बंटिंगने पियानो करून टाकला हेही खरंच. वसईच्या मित्रांनी कागद परत पिशवीत घातले, फाडले नाहीत. फाइलच्या प्रती मात्र त्याच रात्री सहा घरांत गेल्या, सातवी डब्लिनला.

दहावी चीज शेवटी लावली. नाना स्थायी दोनदा म्हणतात. मग अंतऱ्याला सुरुवात करतात आणि शब्द नाहीत. एक क्षण थांबतात, आणि नुसत्या आकारात पूर्ण अंतरा म्हणतात, वरच्या षड्जापर्यंत जाऊन परत खाली, समेवर बरोबर. मागे रस्त्यावर पाववाल्याचा भोंगा वाजतो. मग त्यांचा आवाज येतो, “एवढं आहे. शब्द बघू नंतर. सूनबाई, पंखा लाव.”